पोलीस दप्तर आणि नभोनाट्य : 'ड्रॅगनेट'चा इतिहास

१९३० ते १९५५ या पाव शतकात अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांची संध्याकाळ रेडिओपुढे जात असे, आणि त्या संध्याकाळचा मोठा वाटा गुन्हेकथांच्या नभोनाट्यांनी व्यापलेला होता. या नभोनाट्यांच्या ढोबळमानाने तीन जाती करता येतात. पहिली अद्भुताची होती. 'द शॅडो' या मालिकेचा नायक समोरच्याच्या मनावर झापड टाकून अदृश्य होई आणि दुष्टांना शासन करी, आणि १९३७-३८ च्या हंगामात हे काम बाविशीतल्या ऑर्सन वेल्सने केले होते. दुसरी जात खासगी गुप्तहेराची, म्हणजे पैसे घेऊन तपास करणाऱ्या, पोलिसांशी सदैव खटके उडणाऱ्या, तिरकस बोलणाऱ्या एकांड्या माणसाची होती. तिसरी जात पोलिसाची. तिच्यात बुद्धीच्या चमकेपेक्षा चिकाटीला महत्त्व होते आणि गुन्हेगार सापडे तो बहुधा शंभर दारे ठोठावल्यावर आणि नोंदवह्यांची पाने उलटल्यावर. इंग्रजीत या प्रकाराला 'पोलीस प्रोसीजरल', म्हणजे पोलिसांच्या कार्यपद्धतीची कथा, असे नाव पडले; 'सीआयडी'सारख्या मालिकांमुळे पथकाने मिळून केलेला तपास मराठी प्रेक्षकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. तिन्हींत वरकरणी सर्वांत नीरस अशी ही तिसरी जातच सर्वांत दीर्घायुषी ठरली, आणि तिला तिचे पक्के रूप दिले ते ३ जून १९४९ रोजी एनबीसी या प्रसारण कंपनीवर सुरू झालेल्या 'ड्रॅगनेट' या मालिकेने. ड्रॅगनेट म्हणजे तळापासून ओढत आणायचे जाळे, कोकणातल्या रापणीच्या जवळचे. पोलिसी भाषेत मात्र त्याचा अर्थ फरारी माणसाभोवती सर्व बाजूंनी केलेली नाकेबंदी असा होतो.

पोलिसांच्या दप्तरातून नाट्य काढण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. लॉस एंजेलिसमध्येच १९३३ साली 'कॉलिंग ऑल कार्स' ही मालिका सुरू झाली होती. रिओ ग्रांदे ही पेट्रोल विकणारी कंपनी तिची प्रायोजक होती, शहराचा पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस स्वतः येऊन प्रास्ताविक करी आणि गस्तीच्या गाड्यांना संदेश देणारा खराखुरा पोलीस सार्जंट आपल्या आवाजात संदेश वाची. फिलिप्स लॉर्ड या निर्मात्याने १९३५ साली केंद्रीय तपास यंत्रणेच्या, म्हणजे एफबीआयच्या, सहकार्याने 'जी-मेन' काढली, पण यंत्रणेचा प्रमुख जे. एडगर हूव्हर याचे लॉर्डशी जमले नाही आणि पुढच्या वर्षी तीच कल्पना 'गँग बस्टर्स' या नावाने पुन्हा उभी राहिली. शिट्ट्या, भोंगे आणि मशिनगनच्या फैरींनी तिची सुरुवात होई आणि शेवटी खऱ्या फरारी आरोपींची वर्णने सांगितली जात. अशा मालिकांतले पोलीस वाक्यागणिक गर्जत, गुन्हेगार दात-ओठ खात, आणि अर्ध्या तासाच्या अखेरीस कोणीतरी गोळी खाऊन पडलेले असे. दप्तर पोलिसांचे असले तरी त्याच्यावर चढवलेला साज तमाशाचा होता.

खासगी गुप्तहेरांचा बहर दुसऱ्या महायुद्धानंतरचा. कादंबरीकार डॅशिएल हॅमेटच्या सॅम स्पेड या गुप्तहेराला १९४६ पासून हॉवर्ड डफने आवाज दिला, फिलिप मार्लोचे काम आधी व्हॅन हेफ्लिनने आणि नंतर जेराल्ड मोरने केले, आणि गाणाऱ्या नटापासून रांगड्या नायकापर्यंत पोहोचलेला डिक पॉवेल 'रिचर्ड डायमंड'मध्ये १९४९ पासून ऐकू येऊ लागला. या लाटेची उतरण केवळ रसिकांची रुची बदलल्यामुळे झाली असे म्हणता येत नाही. जून १९५० मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची एक पुस्तिका निघाली, जिच्यात साम्यवादाशी संबंध असल्याच्या संशयावरून रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील दीडशेच्या आसपास व्यक्तींची नावे छापली होती. त्यांत डफ होता आणि हॅमेटही होता. सॅम स्पेडचा प्रायोजक बाजूला झाला, श्रोत्यांच्या पत्रांच्या रेट्यामुळे मालिका दुसऱ्या नटाला घेऊन काही महिने चालली आणि १९५१ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी हॅमेट न्यायालयात साथीदारांची नावे सांगण्यास नकार दिल्याबद्दल तुरुंगात गेला. सरकारी यंत्रणेकडे संशयाने पाहणारा नायक प्रायोजकांना नकोसा होत असतानाच त्या यंत्रणेचा पगारी नोकर असलेला नायक पुढे यावा, हा निव्वळ योगायोग मानणे जड जाते.

हा नायक घडवणारा जॅक वेब स्वतः दुसऱ्या जातीतून आला होता. त्याचा जन्म १९२० चा, सांता मोनिकाचा. वडिलांची सावली नसलेल्या, आई आणि आजीच्या आधाराने चाललेल्या गरीब घरात, लॉस एंजेलिसच्या बंकर हिल या तेव्हाच्या खालावलेल्या वस्तीत तो दम्याशी झुंजत वाढला. युद्धानंतर सॅन फ्रान्सिस्कोत १९४६ साली त्याला 'पॅट नोव्हाक फॉर हायर' ही मालिका मिळाली. रिचर्ड ब्रीन या लेखकाने तिच्यात उपमांची अशी काही आतषबाजी केली होती की कथानक समजले नाही तरी श्रोता संवादांसाठी थांबे. पुढे शब्दागणिक काटकसर करणारा नट म्हणून ओळखला गेलेला माणूस शब्दांच्या या उधळपट्टीत तयार झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याने नंतर जे टाकून दिले ते त्याला येत नव्हते म्हणून नव्हे.

वळण आले ते १९४८ साली, 'ही वॉक्ड बाय नाइट' या चित्रपटाच्या चित्रीकरणात. लॉस एंजेलिसमधल्या एका खऱ्या पोलीसहत्येवर बेतलेल्या या चित्रपटात वेबकडे पोलीस प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची छोटी भूमिका होती आणि मार्टी विन हा नोकरीतला पोलीस सार्जंट तांत्रिक सल्लागार म्हणून सेटवर येत असे. रेडिओवरचे आणि पडद्यावरचे पोलीस पाहून खऱ्या पोलिसांना हसू येते, ही तक्रार विनने वेबजवळ केली आणि निकालात निघालेल्या प्रकरणांचे कागद पाहायला मिळवून देण्याची तयारी दाखवली. वेब रात्री-रात्री विन आणि त्याचा जोडीदार व्हान्स ब्रॅशर यांच्या गस्तीच्या गाडीत मागे बसून फिरला. बिनतारी संदेश कसा येतो, त्याला उत्तर किती शब्दांत दिले जाते, दार ठोठावताना पोलीस उभे कुठे राहतात, साक्षीदाराला प्रश्न कोणत्या सुरात विचारतात हे त्याने टिपले आणि पोलीस अकादमीच्या वर्गांतही हजेरी लावली. त्याच्या कानाने पकडलेली मुख्य गोष्ट अशी होती की खरे पोलीस ओरडत नाहीत. ते थकलेले असतात, सपाट बोलतात, आणि भीषणातले भीषण वाक्य रेशनकार्डाचा अर्ज भरून घ्यावा तसे उच्चारतात.

दप्तर उघडायचे तर खात्याची परवानगी हवी होती, आणि ती पोलीसप्रमुख क्लेमन्स हॉरल याच्याकडून मिळाली. व्यवहार सरळ होता. खात्याने प्रकरणे द्यायची, तांत्रिक सल्ला द्यायचा, नाव वापरू द्यायचे. त्या बदल्यात नावे बदलायची, चालू तपासाला धक्का लागेल असे काही फोडायचे नाही, संहिता खात्याच्या नजरेखालून न्यायची आणि खात्याची प्रतिमा चांगली राहील असे पाहायचे. प्रत्येक भागाच्या आरंभी निवेदक श्रोत्याला कथा खरी असल्याचे आणि निरपराधांच्या रक्षणासाठी केवळ नावे बदलल्याचे बजावी. परंतु हा सौदा झाला तेव्हा खात्याला स्वतःच्या नावाची किती निकड होती हे त्या निवेदनातून कळण्याजोगे नव्हते. ब्रेंडा ॲलन या हॉलीवूडमध्ये कुंटणखाना चालवणाऱ्या बाईला पोलिसांकडून संरक्षण मिळत होते, हे प्रकरण त्याच सुमारास चव्हाट्यावर आले, ग्रँड ज्युरी म्हणजे आरोप ठेवावेत की नाही हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ त्याची चौकशी करू लागले, आणि मालिका सुरू होऊन महिना उलटायच्या आत, २८ जून १९४९ रोजी, हॉरलला निवृत्ती घेऊन पायउतार व्हावे लागले. श्रोते मात्र दर आठवड्याला सार्जंट जो फ्रायडे या वेबने रंगवलेल्या नायकाला भेटत होते, ज्याचा बक्कल नंबर ७१४ होता आणि ज्याने कधी एका डॉलरला हात लावल्याचे ऐकिवात नव्हते.

कलाकृती म्हणून 'ड्रॅगनेट'ची थोरवी तिच्या ध्वनिरचनेत आहे. रेडिओवरचे ध्वनिपरिणाम तोवर बव्हंशी खुणेपुरते असत, म्हणजे दार वाजले की कोणी आले एवढे श्रोत्याने समजून घ्यायचे. वेबने ध्वनीला पुराव्याची प्रतिष्ठा दिली. ध्वनिसंयोजक पोलीस मुख्यालय असलेल्या सिटी हॉलमध्ये जाऊन आले, एका खोलीपासून दुसरीपर्यंत किती पावले पडतात ते मोजले गेले आणि संहितेत तेवढीच पावले वाजली. पात्र जिना चढले तर श्रोत्यालाही तो जिना सबंध चढावा लागे. एका भागात यूटा राज्यातल्या लहानशा गावी फोन लावायचा आहे. दुसऱ्या कोणत्याही मालिकेत एक घंटी वाजून पलीकडचा आवाज आला असता. इथे लॉस एंजेलिसची ऑपरेटर मधल्या ठाण्याच्या ऑपरेटरला हाक मारते, ती पुढच्या ठाण्याला, तारेवरची खरखर दर टप्प्यागणिक वाढत जाते, आवाज लहान होत जातात, आणि कथानक तसूभरही पुढे सरकलेले नसताना श्रोता जागचा हलत नाही, कारण अंतर म्हणजे काय आणि वाट पाहणे म्हणजे काय हे त्याला कानांनी कळत असते. पोलिसाच्या कामाचा बहुतांश भाग वाट पाहण्यात जातो, हे सत्य गोळीबारांनी भरलेल्या आधीच्या पंधरा वर्षांत रेडिओवर कोणी ऐकवले नव्हते.

भागाचा साचा ठरलेला होता. वॉल्टर शुमनने बांधलेल्या त्या प्रसिद्ध चार सुरांनी आरंभ होई. हे सूर मिक्लोश रोझाच्या 'द किलर्स' या १९४६ च्या चित्रपटातील संगीताशी इतके जुळत होते की प्रकरण वकिलांपर्यंत गेले आणि पुढे दोघांना श्रेय वाटून द्यावे लागले. मग फ्रायडे स्वतः वार, तारीख, हवामान, आपण कोणत्या शाखेत कामाला आहोत आणि जोडीदार कोण ही माहिती रोजनाम्यातली नोंद वाचावी तशी सांगे. शेवटी निवेदक अमुक तारखेला अमुक न्यायालयात खटला चालला असे सांगून शिक्षा जाहीर करी. आधी रोजनामा, मग निकालपत्र आणि मध्ये मानवी दुःख, अशी ही बांधणी होती, आणि त्या कोरड्या चौकटीमुळेच मधले दुःख जास्त बोचे. याचा सर्वांत चांगला दाखला म्हणजे २२ डिसेंबर १९४९ रोजी प्रसारित झालेला नाताळचा भाग. एक लहान मुलगा बेपत्ता आहे, अंगणात रक्ताचे डाग आहेत, आणि नाताळसाठी आणून ठेवलेल्या खोक्यातली लहान रायफल नाहीशी झाली आहे. शोध घेता-घेता उलगडते ते असे की त्याला कोणी मारलेले नाही. सवंगड्याबरोबर खेळताना रायफल उडाली आणि घाबरलेल्या सवंगड्याने ते लपवले. मृत मुलाचा बाप आपल्या मुलासाठी आणलेल्या उरलेल्या भेटी त्या दुसऱ्या मुलाला नेऊन देतो. या भागात खलनायक नाही, अटक नाही, पाठलाग नाही; नाताळच्या तीन दिवस आधी अमेरिकन कुटुंबांना ही कथा ऐकवण्याचे धाडस एनबीसीने केले आणि पुढे काही वर्षे ही कथा नाताळच्या सुमारास पुन्हा सादर होत राहिली.

अभिनयातही हाच पालट होता. त्या काळच्या रेडिओ अभिनयाचा कळस पाहायचा तर 'सस्पेन्स' या मालिकेत २५ मे १९४३ रोजी ॲग्नेस मूरहेडने केलेले 'सॉरी, राँग नंबर' पाहावे. ल्युसिल फ्लेचरने लिहिलेल्या या नाट्यात अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला फोनच्या तारा गुंतल्यामुळे एका खुनाचा बेत ऐकू येतो, आणि मूरहेड किरकिरीपासून किंकाळीपर्यंत आवाजाची सगळी पट्टी वापरते. वेबने ती पट्टीच मोडून टाकली. त्याच्या नटांना स्वर चढवायला मनाई होती, एकाने बोलायचे थांबताच दुसऱ्याने सुरू करायचे, आणि ओठांवर आलेली भावना गिळून टाकायची. या शिस्तीत सर्वांत माणसासारखा वाटला तो बार्टन यारबरो. टेक्सासचा हा नट 'वन मॅन्स फॅमिली' आणि 'आय लव्ह अ मिस्टरी' या मालिकांमुळे श्रोत्यांच्या घरचा झाला होता. फ्रायडेचा जोडीदार बेन रोमेरो रंगवताना आपली दक्षिणी हेल असलेली बोली, बायकोमुलांच्या गोष्टी आणि प्रकृतीच्या बारीक तक्रारी यांनी त्याने फ्रायडेच्या कोरडेपणाला ओलावा दिला. फ्रायडे लक्षात राहतो, पण ऐकवतो तो रोमेरोमुळे, असे जुन्या ध्वनिमुद्रणांवरून म्हणावेसे वाटते.

डिसेंबर १९५१ हा या इतिहासातला कळीचा महिना आहे. १६ डिसेंबरला 'ड्रॅगनेट' प्रथम दूरचित्रवाणीवर आली. चाचणीचा म्हणून दाखवलेला हा भाग रेडिओवरच्याच एका कथेचा होता. तुरुंगातल्या भावाच्या सुटकेसाठी एक माणूस सिटी हॉलमध्ये बाँब घेऊन बसतो, आणि डेप्युटी चीफ थॅड ब्राउन या खऱ्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत रेमंड बर होता. तीनच दिवसांनी, १९ डिसेंबरला, यारबरो हृदयविकाराने गेला. त्या काळी नट गेला तर दुसरा आवाज आणून पात्र चालू ठेवण्याचा प्रघात होता, पण वेबने तसे केले नाही. २७ डिसेंबरच्या रेडिओच्या भागात रोमेरोही हृदयविकारानेच मरतो आणि फ्रायडेवर त्याच्या घरी जाण्याची पाळी येते. मेलेल्या मित्रासाठी मालिकेने आपल्या ठरल्या चाकोरीत केलेली ती जागा आजही ऐकणाऱ्याला अस्वस्थ करते.

यारबरोचा मृत्यू आणि तो भाग या दोन तारखांच्या मध्ये २५ डिसेंबर येतो. आदल्या रात्री एका बारमध्ये पोलिसांशी झालेल्या मारामारीवरून पकडून आणलेल्या सात तरुणांना, ज्यांतले पाच मेक्सिकन वंशाचे होते, नाताळच्या पहाटे लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती पोलीस कोठडीत पन्नासएक पोलिसांनी आळीपाळीने बेदम मारले. नाताळची दारू चढलेली होती आणि आपल्यापैकी एकाचा डोळा गेल्याची अफवा पसरली होती. प्रकरण बाहेर यायला तीन महिने लागले. अखेर आठ पोलिसांवर खटले झाले, पाच दोषी ठरले, चोपन्न जणांच्या बदल्या झाल्या आणि एकोणचाळीस तात्पुरते निलंबित झाले. इतिहासात हे प्रकरण 'ब्लडी ख्रिसमस' या नावाने ओळखले जाते. ज्या खात्याच्या दारांचा आवाज वेबने इतक्या इमानाने टिपला होता, त्या खात्याच्या दप्तरात हेही कागद जमा झाले. मात्र जो फ्रायडेच्या टेबलावर ते कधी आले नाहीत. 'ड्रॅगनेट'च्या सत्यतेची मर्यादा इथे उघड होते. तपशील खोटे नव्हते, पण तपशील निवडण्याचा हक्क ज्याचे चित्र काढायचे त्याच्याच हाती होता.

दूरचित्रवाणीवर वेबने रेडिओतली काटकसर कॅमेऱ्यापुढे आणली. नटांनी पाठांतर करायचे नाही, समोरच्या टेलिप्रॉम्प्टरवर, म्हणजे सरकत्या अक्षरांच्या यंत्रावर, पाहून वाक्य बोलायचे, हा त्याचा आग्रह होता; त्यामुळे चित्रीकरण भराभर आटोपे आणि खर्च वाचे, पण नटांचे डोळे स्थिर राहिल्याने चेहऱ्यांना एक विलक्षण कोरेपणा आला, जो पुढे मालिकेची शैली म्हणून गाजला. वारंवार येणारी निकटदृश्ये, म्हणजे पडदा भरून टाकणारे चेहरे, ही दुसरी खूण. कचेरीचा सेट सिटी हॉलमधल्या खोल्यांबरहुकूम उभारला होता, दारांच्या मुठींपर्यंत. यारबरोच्या जागी काही काळ दोघे-तिघे येऊन गेल्यावर १९५२ मध्ये बेन अलेक्झांडर फ्रँक स्मिथ म्हणून स्थिरावला. मूकपटांच्या काळात बालनट असलेल्या या गुबगुबीत माणसाने खाण्यापिण्याच्या आणि घरगुती कुरबुरींच्या गप्पांनी रोमेरोचा वारसा हलक्या अंगाने चालवला. १९५३-५४ च्या हंगामात 'आय लव्ह ल्युसी' वगळता या मालिकेइतके प्रेक्षक कोणालाच नव्हते, आणि मार्च १९५४ मध्ये वेब 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. स्टॅन फ्रीबर्ग या विनोदकाराने १९५३ साली काढलेली विडंबनाची तबकडी विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली. फ्रायडेच्या नावे आज सांगितले जाणारे 'फक्त घडले ते सांगा, बाई' या धर्तीचे पालुपद मूळ मालिकेपेक्षा त्या विडंबनाचेच अधिक ऋणी आहे.

खात्यालाही आपला वाटा मिळत होता. ऑगस्ट १९५० मध्ये पोलीसप्रमुख झालेला विल्यम पार्कर कडक शिस्तीचा, लाचखोरीचा शत्रू आणि प्रसिद्धीचे मोल जाणणारा होता. त्याच्या जनसंपर्क विभागात काम करणारा जीन रॉडनबेरी, ज्याने पुढे 'स्टार ट्रेक' निर्माण केली, पार्करची भाषणे लिही आणि सहकाऱ्यांच्या हकिकती 'ड्रॅगनेट'साठी कथाबीज म्हणून पोहोचवी. पोलीस आणि पटकथालेखक यांच्यातली भिंत किती पातळ होती हे त्यावरून दिसते. पार्करने लाचखोरीला आळा घातला हे त्याचे टीकाकारही नाकारत नाहीत. पण त्याच्याच संमतीने पोलिसांनी एका सट्टेवाल्याच्या घरात शिरून चोरून मायक्रोफोन बसवले होते, आणि १९५५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'काहान' खटल्यात अशा बेकायदा मार्गाने मिळवलेला पुरावा यापुढे चालणार नाही असा निकाल दिला, तेव्हा हा निर्णय गुन्हेगारांच्या पथ्यावर पडेल अशी टीका पार्करने जाहीरपणे केली. मालिकेतल्या फ्रायडेला मायक्रोफोन लपवावा लागत नसे. त्याच्यापुढे माणसे आपणहून बोलत.

रेडिओवरच्या 'ड्रॅगनेट'चे नवे भाग १९५५ मध्ये थांबले आणि जुन्या भागांचे पुनःप्रसारण फेब्रुवारी १९५७ पर्यंत चालले. प्रायोजकांचा पैसा चित्राकडे वळल्यावर ध्वनीला वाली उरला नाही. 'युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर' ही विमा कंपन्यांच्या तपासनिसाची मालिका, जिला बॉब बेलीने १९५५ नंतर सर्वांत चांगला आवाज दिला, आणि 'सस्पेन्स' या दोन्ही ३० सप्टेंबर १९६२ या एकाच दिवशी संपल्या, आणि अमेरिकन नभोनाट्याचा अंत बहुतेक इतिहासकार त्याच तारखेला मानतात. याच काळात रेमंड बरचे जे झाले ते मोठे गमतीचे आहे. रेडिओवरच्या 'ड्रॅगनेट'मध्ये तो गुप्तहेर शाखेचा प्रमुख एड बॅकस्ट्रँड होता. १९५७ पासून नऊ वर्षे तो 'पेरी मेसन' झाला, म्हणजे असा वकील की ज्याच्या प्रत्येक खटल्यात पोलिसांनी निरपराध माणसाला पकडलेले असते आणि सरकारी वकील न चुकता तोंडघशी पडतो. तेच शहर, तेच दशक, आणि प्रेक्षकही बरेचसे तेच. त्यांना आठवड्यातून एकदा पोलीस अचूक दिसत आणि एकदा सपशेल चुकलेले दिसत, आणि या दोन्हींचा आनंद ते सारख्याच निष्ठेने घेत.

दूरचित्रवाणीवरची पहिली 'ड्रॅगनेट' १९५९ मध्ये फ्रायडेला लेफ्टनंटची बढती देऊन संपली. जानेवारी १९६७ मध्ये ती रंगीत होऊन परतली तेव्हा फ्रायडे पुन्हा सार्जंट होता, आणि ही पदावनती कशी झाली याचा खुलासा करण्याची गरज कोणालाच वाटली नाही. मधल्या काळात, ऑगस्ट १९६५ मध्ये, लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत पोलिसांच्या एका अटकेवरून उसळलेल्या उद्रेकात ३४ माणसे मेली होती, आणि पुढच्या वर्षी पार्करही मरण पावला. बेन अलेक्झांडर दुसऱ्या मालिकेत अडकल्यामुळे जोडीदार म्हणून हॅरी मॉर्गन आला. पहिलाच भाग एलएसडी या भ्रमकारक औषधाच्या नादी लागलेल्या तरुणावर होता. या पर्वात फ्रायडे आरोपीला त्याचे हक्क वाचून दाखवतो, तरुणांना लांबलचक उपदेश करतो आणि पोलिसांच्या पगाराबद्दल, गैरसमजांबद्दल भाषणे देतो. १९४९ चा फ्रायडे ऐकत असे; १९६७ चा बोलतो. ज्या ऐकण्यातून ही कला जन्मली तेच सुटल्यावर उरला तो गणवेशाचा बचाव, आणि विनोदासाठी आज याच पर्वातली दृश्ये सर्वाधिक दाखवली जावीत यात नवल नाही. वेबची निर्मितीसंस्था मात्र याच वेळी जोरात होती. गस्तीच्या गाडीतल्या दोन पोलिसांची 'ॲडम-१२' ही तिची मालिका १९६८ ते १९७५ अशी सात वर्षे चालली.

२३ डिसेंबर १९८२ रोजी वेब गेला तेव्हा लॉस एंजेलिस पोलीस खात्याने आपले झेंडे अर्ध्यावर उतरवले, कधीही खात्याच्या नोकरीत नसलेल्या या नटाला पोलिसी इतमामाने निरोप दिला आणि ७१४ हा बक्कल नंबर यापुढे कोणालाही द्यायचा नाही असे ठरवले. हा निर्णय घेणारा पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स उमेदीच्या काळात पार्करच्या गाडीचा चालक होता.

वेबने १९५८ साली 'द बॅज' नावाचे पुस्तक लिहिले होते, ज्यात छोट्या पडद्यावर दाखवता न येण्याजोगी खरी प्रकरणे होती. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बापाने ते आपल्या मुलाला अकराव्या वाढदिवशी भेट दिले. त्या मुलाच्या आईचा खून आदल्या वर्षी झाला होता आणि खुनी सापडला नव्हता. हा मुलगा म्हणजे कादंबरीकार जेम्स एलरॉय. त्याची १९९० ची 'एल. ए. कॉन्फिडेन्शियल' ही कादंबरी ब्लडी ख्रिसमसच्या मारहाणीपासून वेग घेते, आणि तिच्यातला एक पोलीस 'बॅज ऑफ ऑनर' नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेला तांत्रिक सल्ला देऊन वरकमाई करत असतो. 'द बॅज' २००५ मध्ये पुन्हा छापले गेले, तेव्हा त्याची प्रस्तावनाही एलरॉयनेच लिहिली.